अंगणात आणलेली शाळा : ताराबाई मोडक

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी आणि रेल्वेच्या कारखान्याने या गावाला ओळख दिली. येथे काय किंवा माढा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर काय, तीन-चार वर्षांचे मूल सकाळी कुठे जाते असे विचारले, तर उत्तर येते : अंगणवाडीत. हा शब्द आता इतका रुळला आहे, की तो कोणी घडवला याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. सरकारी योजनेच्या पाटीवर जाण्यापूर्वी तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील बोर्डी गावात जन्माला आला आणि त्यामागे ताराबाई मोडक यांचे अर्धशतकाचे कष्ट होते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेर केळकरांचे. प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या या घरात मुलीने शिकावे, हे वेगळे सांगावे लागत नव्हते. स्त्री पदवीधर बोटांवर मोजण्याइतक्या असण्याच्या त्या काळात ताराबाई बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीस गेल्या. पण वैवाहिक जीवन सुखाचे ठरले नाही. पतीपासून विभक्त होऊन, लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निर्णय घेतला. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मानाची, भरवशाची नोकरी होती ती.

ती नोकरी त्यांनी सोडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे प्रयोग करीत होते. 1923 मध्ये ताराबाई तेथे दाखल झाल्या. मारिया माँटेसरी यांची पद्धती भारतीय मुलांच्या भाषेत, गाण्यांत आणि खेळांत उतरवण्याचे काम या दोघांनी केले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनातून ताराबाईंनी पालकांशी संवाद साधला. छडी आणि पाठांतर म्हणजेच शिक्षण मानणाऱ्या समाजाला, मूल हे स्वतंत्र व्यक्ती आहे, हे पटवून द्यायचे होते.

पुढे त्या मुंबईत आल्या आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. शाळा नावारूपाला आली. तेथील अध्यापन वर्गातून बालशिक्षिका तयार होऊ लागल्या. पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. साधने महाग, जागा प्रशस्त, शुल्क ठरलेले; तेव्हा येणारी मुले सुस्थित घरांतलीच. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, पोटभर अन्न नाही, त्याला बालशाळेची गरज सर्वाधिक आणि तिचे दार त्यालाच बंद, हे त्यांना मान्य नव्हते. गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणाच्या विचाराने या अस्वस्थतेला दिशा दिली.

1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि ही सोबत अखेरपर्यंत टिकली. गावात बालवाडी उघडली, तरी वस्तीवरची मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. धाकट्याला सांभाळायला थोरले भावंड घरी राही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे ताराबाईंनी ठरवले. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने. परदेशी पेटीतील महागड्या लाकडी साहित्याचे काम गावातल्या फुकटच्या वस्तूंनी केले. हीच अंगणवाडी.

1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारली पाड्यांतील मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी तेथे उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तेथेच वर्ग. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले.

या सगळ्या वाटचालीत एक प्रश्न सतत उभा होता : लहान मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी करायचा? 1944 च्या सार्जंट अहवालाने बालशाळा मोफत असाव्यात, असे सुचवले होते. स्वातंत्र्यानंतर मात्र पैसा आधी प्राथमिक शिक्षणाकडे वळला. कोठारी आयोगानेही पूर्वप्राथमिक शाळा चालवण्याचा भार मुख्यत्वे खासगी संस्थांवर सोपवला. परिणामी शहरात शुल्काच्या शाळा वाढल्या आणि खेड्यात काहीच उरले नाही.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांबरोबर पूर्वशालेय शिक्षणही त्यात आले. कल्पनेला सरकारी तिजोरीचा आधार मिळाला, ही मोठी गोष्ट. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

तरी हिशेब पुरा झालेला नाही. 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, मानधन मिळते. उपदानाचा अधिकारही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य करावा लागला. आहार, नोंदी, सर्वेक्षणे यांतून उरलेल्या वेळात ती गाणी-गोष्टी शिकवते. म्हणून कुर्डुवाडीसारख्या गावातही ज्याला परवडते, तो पालक खासगी नर्सरीकडे वळतो आणि ज्याला परवडत नाही, त्याचे मूल अंगणवाडीत राहते.

दादरच्या शिशुविहारातून ताराबाई बोर्डीला गेल्या, त्या हीच दरी बुजवण्यासाठी. साधने स्वस्त करता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. शिक्षिका मात्र स्वस्तात मिळावी, असे त्यांच्या कामातून कोठेही निघत नाही. उलट तिच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले. अंगणवाडीचे नाव सरकारने घेतले. त्या नावामागचा हा दुसरा अर्धा भाग अजून घ्यायचा आहे.