स्वयंपाकघरातला तराजू

मधुमेहाच्या रुग्णाला आज डॉक्टरांकडून औषधांच्या चिठ्ठीबरोबर आहाराचा तक्ताही मिळतो. काय, किती आणि केव्हा खायचे हे रुग्णाला शिकवणे हाही उपचारच आहे, हा विचार रुजवणाऱ्यांत डॉ. इलियट जॉसलिन यांचे नाव अग्रभागी आहे.

जॉसलिन यांचा जन्म १८६९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या लहान गावी झाला. हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण घेऊन १८९८ मध्ये त्यांनी बोस्टनला व्यवसाय सुरू केला. लवकरच त्यांच्या आईलाच मधुमेह झाल्याचे निदान झाले. तेव्हा इन्सुलिन नव्हते, गोळ्याही नव्हत्या. हाती होते ते फक्त ताट. काटेकोर आहाराच्या जोरावर आई पुढे दशकाहून अधिक काळ जगली.

उतारवयातला मधुमेह असा आवरता येई. मुलांचे मात्र हाल होत. निदानानंतर बहुतेक मुले एक-दोन वर्षांतच दगावत. डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी उपासाची पद्धत आणली. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग अगदी थोडे अन्न. जॉसलिन यांनीही तीच वाट धरली. भाज्या तीनदा उकळून दर वेळी पाणी फेकून देत, म्हणजे उरलेसुरले पिष्टही निघून जाई. पोट भरल्यासारखे वाटे, अंगी काही लागत नसे. या उपायाने आयुष्य काही महिने, कधी काही वर्षे वाढे. पण मुले हाडांचा सापळा होत. उपाशी ठेवायचे की मरू द्यायचे, असा तो पेच होता.

या काळातही जॉसलिन प्रत्येक रुग्णाची नोंद जाड वह्यांत ठेवत होते. १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी एक पुस्तिका काढली. त्यांच्या पद्धतीत भाज्यांचे गट पाडलेले होते. पालक, कोबी, फ्लॉवर, काकडी, टोमॅटो यांत शंभर ग्रॅममागे साधारण पाच ग्रॅम कर्बोदके. गाजर, बीट, कांदा यांत त्याच्या दुप्पट. बटाट्यात वीसच्या आसपास. त्यामुळे एका भाजीऐवजी त्याच गटातली दुसरी घेता येई आणि ताटाला चव राही. रुग्ण स्वतः अन्न तोलायला आणि लघवी तपासायला शिकत.

ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांच्याकडे इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन एका परिचारिकेला दिले गेले. आजाराने आणि उपासाने तिचे वजन जेमतेम ३१ किलोवर आले होते. नऊ महिने ती घराबाहेर क्वचितच पडली होती. काही आठवड्यांतच ती रोज काही मैल चालू लागली.

आता तराजू फेकून द्यावा, असे कुणालाही वाटले असते. जॉसलिन यांना तसे वाटले नाही. उपास संपला, मोजमाप राहिले. कारण इन्सुलिनचा डोस ताटातल्या अन्नाशी जुळला नाही, तर साखर एक तर चढते, नाही तर धोकादायकपणे उतरते. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे त्यांच्या मते एकाच रथाचे तीन घोडे होते. घरोघरी जाऊन इंजेक्शन आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या परिचारिका त्यांनी तयार केल्या.

पुढे अनेक डॉक्टर म्हणू लागले की रुग्णाला बरे वाटत असेल, तर थोड्या वाढलेल्या साखरेची फिकीर नको. जॉसलिन यांचा कडकपणा त्यांना जुनाट वाटे. डोळे, मूत्रपिंडे, नसा यांना होणारी इजा साखरेमुळेच होते, हे मत जॉसलिन यांनी सोडले नाही. १९६२ मध्ये, ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

तो मिटला १९९३ मध्ये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील मोठ्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले की साखर काटेकोर ताब्यात ठेवली, तर ही इजा बरीच कमी होते. जॉसलिन यांच्या जाड वह्या बहुधा हेच सांगत होत्या. आज प्रत्येक घास तोलण्याची गरज बहुतेकांना नाही. पण भाताची वाटी नेमकी केवढी, हे रुग्णाला माहीत असावे लागते.