विक्रम साराभाई : ‘विकास’ इंजिनामागचे नाव

अमडापूरच्या शिवारात विहिरीचे पाणी वर खेचणारा पंप आणि अग्निबाणाच्या पोटातील पंप यांचे तत्त्व एकच. पात्यांची चकती फिरते आणि द्रव जोराने पुढे ढकलला जातो. मात्र इस्रोच्या ‘विकास’ इंजिनातील टर्बोपंप विजेवर नव्हे, तर तप्त वायूवर मिनिटाला सुमारे 10 हजार फेरे घेतो. विक्रम अंबालाल साराभाई यांच्या नावावरून इंजिनाचे हे नाव पडल्याचे सांगितले जाते.

साराभाईंचा जन्म अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात, 12 ऑगस्ट 1919 रोजी झाला. केंब्रिजचे शिक्षण, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचे संशोधन, असा त्यांचा प्रवास. थुंब्याहून 1963 मध्ये त्यांनी सोडवलेला पहिला अग्निबाण अमेरिकी बनावटीचा आणि घनइंधनाचा होता. त्याला पंप लागतच नव्हता! अंतराळ विज्ञान सामान्यांच्या उपयोगी पडावे, हा त्यांचा आग्रह होता. होमी भाभांच्या निधनानंतर 1966 मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुराही त्यांच्याकडे आली. 30 डिसेंबर 1971 रोजी कोवलम येथे, अवघ्या 52व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

द्रवइंधन इंजिनासाठी फ्रान्सशी करार झाला तो 1974 मध्ये. पुढे ही इंजिने विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार होऊ लागली. 2016 मध्ये ‘विकास’ इंजिने असलेल्या जीएसएलव्हीने इन्सॅट-3डीआर हा हवामान उपग्रह कक्षेत नेला आणि पावसाच्या ढगांची छायाचित्रे जमिनीवर उतरू लागली.