टॉवर नसताना गाड्या मेसेज कसा पोहोचवतील? डायक्स्ट्रा यांची गोष्ट

मी घाटकोपरचा. अंधेरीहून मुलुंडला निघालं की फोनमधला मॅप लगेच सांगतो: साकीनाक्यावरून घाटकोपरला येऊन एलबीएस धरा, नाहीतर जेव्हीएलआरने पवईमार्गे जा. अशा रस्ताशोधाचा पाया घातला एड्सगर डायक्स्ट्रा यांनी. पण गाड्यांनी आपसात मेसेज पोहोचवायचा असेल, तर मला त्यांची दुसरी, कमी गाजलेली कल्पना जास्त मोलाची वाटते.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितात तरबेज. लायडनला भौतिकशास्त्र शिकतानाच १९५२ मध्ये ते अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. हा धंदा तेव्हा इतका नवा होता, की १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत प्रोग्रामर हा व्यवसाय मान्यच झाला नाही. भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

त्याच्या आदल्या वर्षी केंद्राचा आर्मॅक हा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता. होणारी बायको रियासोबत खरेदी करून दमल्यावर ते कॅफेत कॉफी प्यायला बसले आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, सर्वांत जवळचा रस्ता शोधायची रीत त्यांनी मनातच जुळवली. मग देशातली ६४ शहरं घेऊन तिचं प्रात्यक्षिक झालं. १९५९ मध्ये ती छापून आली.

रीत अशी: निघायच्या ठिकाणाचं अंतर शून्य. तिथून सर्वांत जवळचा नाका पक्का करा. त्या नाक्यावरून पुढचे नाके कमी अंतरात गाठता येतात का बघा. मग उरलेल्यांतला सर्वांत जवळचा पक्का करा. मुक्काम येईपर्यंत हेच.

पण यासाठी पूर्ण नकाशा हातात लागतो. रस्ते जागेवर असतात, गाड्या नसतात. गाडीतल्या रेडिओचा पल्ला साधारण काहीशे मीटर. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एक गाडी सिग्नलला अडकली, दुसरी फ्लायओव्हर चढून गेली, की साखळी तुटली. सगळ्या गाड्यांचा नकाशा बनेपर्यंत तो शिळा होतो.

इथे १९७४ चा त्यांचा छोटा पेपर आठवतो. प्रत्येक यंत्राला फक्त आपले शेजारी दिसतात, वर कोणी साहेब नाही. तरीही नियम नीट बांधले, तर कितीही गोंधळ झाला तरी सगळी व्यवस्था आपोआप मार्गावर येते. याला सेल्फ-स्टॅबिलायझेशन म्हणतात. कित्येक वर्षं याकडे फारसं कोणी बघितलं नाही.

गाड्यांच्या अॅड-हॉक नेटवर्कला हाच विचार लागतो. प्रत्येक गाडी थोड्या-थोड्या वेळाने आपली जागा शेजाऱ्यांना कळवते. मेसेज आला, की मुक्कामाच्या जास्त जवळ असलेल्या शेजाऱ्याकडे देते. तसा कोणी नसेल, तर मेसेज स्वतःजवळ ठेवून पुढे जाते आणि कोणी भेटलं की सोपवते. ज्या शेजाऱ्याकडून काही वेळ काहीच आलं नाही, त्याचं नाव यादीतून गळतं.

डायक्स्ट्रांचं स्वतःचं लिखाणही असंच फिरायचं. फाउंटन पेनने लिहिलेल्या टिपणांच्या प्रती ते मोजक्या सहकाऱ्यांना पाठवत. ते झेरॉक्स काढून पुढे देत. अशी तेराशेच्या वर टिपणं झाली. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, १९८४ मध्ये ते टेक्सासला शिकवायला गेले. १९७४ च्या त्या पेपरचा सन्मान २००२ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला ते गेले. पुढे त्या पुरस्कारालाच त्यांचं नाव दिलं गेलं.

तीनच वर्षांनी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत गाड्या पाण्यात अडकल्या, अनेक ठिकाणी मोबाईल बंद पडले, काही जणांचा जीव बंद गाडीतच गेला. सबवेत पाणी भरलंय, एवढे तीन शब्द पुढच्या गाडीकडून मागच्या गाडीला मिळायला हवे होते. त्याला टॉवर लागत नाही, शेजारी लागतो. म्हणून पुढच्या वेळी नव्या गाडीचे फीचर्स वाचताना स्क्रीन किती इंचाची हे बघाच, पण ती शेजारच्या गाडीशी थेट बोलते का, हेही विचारा.