खिळ्यांच्या मागे लागलेला संशोधक

संगणकाला एक आज्ञा दिली की मजकुरातल्या नको त्या खुणा गळून पडतात आणि छापण्याजोगा स्वच्छ मजकूर समोर येतो. शंभर वर्षांपूर्वी हीच स्वच्छता शिशाच्या खिळ्यांवर अवलंबून होती. खिळा पोकळ निघाला, त्याची कड झिजली किंवा उंची केसभर कमी पडली, की कागदावर अक्षर फुटायचे. नागपुरात १९१४ साली गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ निघू लागले, तेही असेच खिळे जुळवून. इंग्रजीचे काम शे-दीडशे खिळ्यांत भागे. देवनागरीला जोडाक्षरे आणि काना-मात्रांमुळे कित्येक शे लागत, आणि नाजूक मात्रा आधी तुटत.

असे खिळे भराभर आणि निर्दोष ओतणारे यंत्र शंकर आबाजी भिसे यांनी बनवले. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. यंत्रशास्त्राची पदवी नाही, पोटासाठी सरकारी हिशेब कचेरीतली नोकरी आणि उरलेल्या वेळात प्रयोग. माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या एका नियतकालिकाचे बक्षीस मिळाले आणि ते विलायतेला गेले. तिथे दादाभाई नौरोजींचा आधार लाभला.

‘भिसोटाइप’ हे त्यांचे यंत्र त्या काळच्या प्रस्थापित यंत्रांपेक्षा कितीतरी वेगाने खिळे ओतत असे. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यात दाबाने भरायचा, क्षणात गोठवायचा आणि पुढचे अक्षर घ्यायचे. साचा तापलेला राहिला तर खिळा वाकतो, हवा अडकली तर आत पोकळी राहते. म्हणजे वेग वाढवताना खरी झुंज उष्णतेशी असते.

यंत्र बनले, पण भांडवल मिळेना. इंग्रज समाजवादी हिंडमन यांनी पैसा उभा करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शब्दावरून सर रतन टाटा यांनी हात दिला आणि टाटा-भिसे सिंडिकेट स्थापन झाले. तेही टिकले नाही. एका माणसाच्या बुद्धीला एका धनिकाचा आधार पुरतो, पण कारखान्याला बाजारपेठ लागते. ती मोठ्या विलायती आणि अमेरिकी कंपन्यांच्या हाती होती.

१९१६ मध्ये भिसे न्यूयॉर्कला गेले. १९२० साली त्यांनी तिथे ‘आयडियल’ या सुधारित ओतयंत्रासाठी कंपनी काढली. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना खरा पैसा मिळवून दिला तो रसायनाने. ‘ॲटोमिडीन’ नावाचे आयोडीनयुक्त द्रव त्यांनी तयार केले आणि १९२७ मध्ये त्याचे हक्क विकले. त्या काळी अशा द्रवांची अनेक विकारांवर भलामण होई. आजच्या वाचकाने मात्र जपावे. आयोडीन शरीराला अगदी थोडेच लागते आणि जास्त गेले तर थायरॉइडचे काम बिघडते.

त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे सांगितली जातात. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी त्यांना भारतीय एडिसन ठरवले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. देवनागरीच्या छापखान्यांत जुळारी त्यानंतरही कित्येक वर्षे हातानेच खिळे वेचत होते.