माणगावचे शिपाई नाईक यशवंत घाडगे



रायगड जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, माणगाव ह्या तालुक्याच्या गावी एका तरुण शिपायाचा पुतळा उभा आहे. समुद्रापलीकडे इटली देशात मोंतोने नावाचे एक लहानसे डोंगरी गाव आहे. तेथेही त्याच शिपायाचे स्मारक आहे. दोन देशांतील दोन लहान गावांनी एकाच मनुष्याची आठवण जतन करावी, असे क्वचितच घडते. ह्यास्तव त्यांचे चरित्र थोडक्यात येथे देत आहो.

यशवंत घाडगे ह्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी येथे झाला. त्या काळी कोकणात भाताच्या शेतीवर साऱ्या घराचे पोट भरत नसे. एक भाऊ शेतावर, दुसरा मुंबईच्या गिरणीत व तिसरा पलटणीत, अशी कित्येक घरांची रीत होती. यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत शिपाई झाले आणि नाईकाच्या हुद्द्यास चढले. नाईक म्हणजे मोठा अधिकारी नव्हे. थोड्याशा शिपायांची तुकडी त्याच्या हाती सोपविलेली असते व त्यांच्या जिवाचा हिशेब त्यास द्यावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये शस्त्रे खाली ठेविली. तथापि जर्मन सैन्याने तो देश सोडला नाही. ४ जून १९४४ रोजी रोम शहर मुक्त झाल्यावर जर्मन सैन्य डोंगराडोंगरातून लढत उत्तरेकडे हटू लागले. पेरुजा शहराच्या उत्तरेस तायबर नदीचे वरचे खोरे आहे. तेथील टेकड्यांवर ठिकठिकाणी मशीनगना रोखलेल्या होत्या आणि त्या टेकड्या चढून जाण्याचे काम हिंदी शिपायांच्या वाट्यास आले होते.

१० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीच्या एका कंपनीने अशाच एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. नाईक घाडगे ह्यांची तुकडी पुढे जात असता अगदी जवळून मशीनगनीचा मारा सुरू झाला. क्षणात तुकडीतील सर्व शिपाई ठार किंवा जखमी होऊन पडले. एकटे नाईकच उभे राहिले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ते सरळ त्या मशीनगनीवर धावून गेले. प्रथम हातबाँब फेकून त्यांनी ती तोफ व ती चालविणारा ह्यांस निकामी केले. मग आपल्या टॉमीगनने तेथील आणखी एकास मारिले. गोळ्या भरावयास अवसर नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्याने ठार केले. इतक्यात दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांस गोळ्या घातल्या आणि ते तेथेच पडले. त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

ह्या पराक्रमाबद्दल त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. १९४५ साली दिल्लीत व्हॉइसरॉय लॉर्ड वेव्हेल ह्यांनी तो त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती दिला. इटलीत कासिनो येथे ज्यांच्या कबरींचा ठाव नाही अशा शिपायांचे स्मारक आहे. तेथे त्यांचे नाव कोरलेले आहे.

जुलै २०२३ मध्ये मोंतोने येथील लोकांनी उभारलेले स्मारक सूर्यघटिकेच्या रूपाचे आहे. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे बोधवचन त्यास दिले आहे. ही गोष्ट लक्षात घ्यावी, की १९४१ साली ह्याच मराठा पलटणीने एरिट्रियातील केरेन येथे इटालियन सैन्याशी घोर लढाई केली होती. जे काल वैरी होते त्यांच्याच देशातील एका गावाने ह्या पलटणीच्या शिपायाचे नाव आदराने जपले.

येथे कित्येक बंधूंच्या मनात प्रश्न उभा राहील. खून करू नये, वैऱ्यावर प्रीती करावी, असे शिकलेल्या आम्ही अशा मनुष्याचा सन्मान कसा करावा? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्या मशीनगनीजवळ पडलेले चौघे कोणा मातांचे पुत्र होते. त्यांच्या मरणात आनंद मानणे आपणास शोभत नाही. परंतु आपल्या स्वाधीन केलेली माणसे पडली असता जो पळाला नाही, त्याच्या निष्ठेचा आदर न करणे हेही न्यायाचे नव्हे. शौलाने दाविदाचा जीव घ्यावयास पाठलाग केला होता, तरी शौल व योनाथान पडल्याचे ऐकून दाविदाने दोघांकरिताही विलाप केला. आदर व शोक ही दोन्ही एका अंतःकरणात राहू शकतात, हे त्यावरून दिसते.

हिज्कीया राजाकरिता देवाने आहाजाच्या घटिकेवरील छाया दहा अंश मागे नेली व त्याचे आयुष्य वाढविले. पळसगावच्या ह्या तरुणाकरिता छाया मागे फिरली नाही. त्याची पत्नी ऐन तारुण्यात विधवा झाली. तिच्या हाती पदक आले, पण घरचा धनी आला नाही.

यार्देनेतून काढलेले बारा धोंडे इस्राएल लोकांनी ह्यासाठी उभे केले, की पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनी सांगावा. माणगावच्या पुतळ्याविषयी आपल्या मुलांनी विचारले, तर पराक्रम सांगावाच. पण युद्धाची किंमत कोणकोणत्या घरांनी दिली हेही सांगावे. दगडास हार घालणे सोपे आहे. ज्या घरचा मुलगा लष्करातून परत आला नाही, अशा घरी पेरणीच्या दिवसांत नांगर घेऊन जाणे कठीण आहे. आमच्या सुवार्तिक बंधूंनी व मंडळ्यांनी आपापल्या गावी अशी घरे शोधावी, ती कोणत्या जातीची वा धर्माची आहेत हे न पाहता त्यांच्या दाराशी जावे आणि त्यांच्या विधवांस व वृद्ध आईबापांस हात द्यावा, अशी आमची विनंती आहे.