मोतीलाल : शेवटच्या फर्लांगच्या आधीची गोष्ट

मोतीलाल म्हटलं की बहुतेकांना पंडित नेहरूंचे वडील आठवतील. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते मोतीलाल वेगळे. 2002 चा 'देवदास' आपण सगळ्यांनी टीव्हीवर कधी ना कधी पाहिला आहे. त्यात जॅकी श्रॉफने केलेला चुन्नीबाबू आठवतो का? देवदासला दारूची ओळख करून देणारा, हसतमुख मित्र? 1955 साली बिमल रॉय यांनी दिलीपकुमारला घेऊन 'देवदास' काढला, त्यातले चुन्नीबाबू म्हणजे हे मोतीलाल. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. म्हणजे नुसते जुने नट नव्हेत, मोठे नट!

त्यांच्यावर लिहायचं कारण मात्र अभिनय एवढंच नाही. मोतीलालना घोड्यांच्या रेसचा जबरदस्त नाद होता. सिनेमात रेस कशी दिसते आणि सिनेमातल्याच एका माणसाच्या आयुष्यात ती कशी होती, हे शेजारी शेजारी ठेवून बघावं असं मला वाटलं.

मोतीलाल राजवंश यांचा जन्म 4 डिसेंबर 1910 रोजी सिमल्याला झाला. वडील शिक्षणक्षेत्रातले, पण ते मोतीलाल अगदी लहान असतानाच वारले. काकांनी सांभाळ केला. काका सरकारी सिव्हिल सर्जन. सिमल्याच्या इंग्रजी शाळेत सुरुवात, मग उत्तर प्रदेश आणि दिल्लीत शिक्षण. त्यामुळे इंग्रजी फर्डं आणि राहणी साहेबी. मी स्वतः कॉन्व्हेंटमधला असल्यामुळे हा भाग वाचताना जरा जवळचा वाटला. टापटीप कपडे आणि सफाईदार बोलणं असलं की जग आपल्याला आहोत त्यापेक्षा मोठं समजतं. हा फायदाही असतो आणि धोकाही.

मोतीलाल मुंबईला आले ते नौदलात भरती व्हायला. पण ऐन परीक्षेच्या वेळी आजारी पडले आणि संधी हुकली. त्याच दिवसांत ते सागर फिल्म कंपनीच्या स्टुडिओत शूटिंग बघायला गेले. दिग्दर्शक के. पी. घोष यांची नजर या रुबाबदार तरुणावर पडली आणि 1934 च्या 'शहर का जादू' या सिनेमात ते थेट नायक झाले. आपल्याकडे एन्ट्रन्सचा पेपर बुडला तर घरात आठवडाभर सुतक असतं. इथे पेपर बुडाला आणि करिअर सुरू झालं!

त्या काळी पडद्यावरचे नट नाटकासारखे मोठ्याने, हातवारे करून बोलायचे. मोतीलाल मात्र घरात बोलल्यासारखे बोलायचे. आज ज्याला आपण नॅचरल ॲक्टिंग म्हणतो, त्याच्या हिंदीतल्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव घेतात. 'जागीरदार', 'अछूत' असे सिनेमे करत ते स्टार झाले. 1952 च्या 'मिस्टर संपत'मध्ये त्यांनी गोड बोलून सगळ्यांना टोपी घालणारा महाभाग रंगवला. 1956 च्या 'जागते रहो'मध्ये रात्रीच्या कलकत्त्यात झिंगत फिरणारा श्रीमंत माणूस केला. 1959 च्या 'अनाडी'त ते कारखानदार शेठ होते.

माणूस म्हणूनही दिलदार. लग्नात गाणारा एक नात्यातला तरुण त्यांना आवडला. त्याला ते मुंबईला घेऊन आले, आपल्या घरी ठेवलं, गाणं शिकायची सोय केली. तो तरुण म्हणजे मुकेश. 1945 च्या 'पहली नजर'मधल्या ज्या गाण्याने मुकेश देशाला माहीत झाले, ते पडद्यावर मोतीलाल यांच्यावरच चित्रित झालं आहे. आपल्या मराठी शोभना समर्थ यांच्याशीही त्यांचं जवळचं नातं होतं. शोभनाबाईंनी मुलगी नूतनला पडद्यावर आणलं तो 1950 चा 'हमारी बेटी', त्यातही मोतीलाल होते.

आता रेसकडे येऊ. सिनेमा आणि घोडा यांचं नातं सिनेमाच्या जन्माआधीचं आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, हे बघण्यासाठी 1878 साली अमेरिकेत मायब्रिज या फोटोग्राफरने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले. ते फोटो एकामागून एक बघितले की घोडा पळताना दिसतो. सिनेमाची बीजं त्यात आहेत. आपल्या महाराष्ट्रातही असंच. भारतात अगदी सुरुवातीला चित्रित झालेल्या फिल्म्सपैकी एक पुण्याच्या रेसची, 1898 सालची. म्हणजे फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून पंधरा वर्षं होती, तेव्हा पुण्याचे घोडे पडद्यावर पळून मोकळे झाले होते.

तेव्हापासून आजपर्यंत पडद्यावर रेस साधारण एकाच पद्धतीने दिसते. दुर्बिणी, टोप्या, भारी साड्या, मग टापांचा आवाज, क्लोजअप आणि शेवटच्या क्षणी आपला घोडा मानभर पुढे! 'सीबिस्किट'सारख्या 2003 च्या हॉलिवूडपटात घोडा हरलेल्या माणसांना उभं करतो, तर 2008 च्या आपल्या 'रेस'मध्ये घोडे म्हणजे श्रीमंत भावांच्या कटकारस्थानाची सजावट. एकात रेस म्हणजे आशा, दुसऱ्यात ग्लॅमर. घोड्याचं काय होतं हे फारसं कुणी दाखवत नाही. अमेरिकेत 'लक' नावाची रेसवरची मोठी टीव्ही मालिका 2012 मध्ये बंद करावी लागली, कारण चित्रीकरणाच्या काळात तीन घोडे दगावले.

पण सगळ्यात मोठी गाळलेली जागा म्हणजे पैसे लावणारा साधा माणूस. 2400 मीटरची डर्बी अडीच मिनिटांच्या आसपास संपते. शेवटचा फर्लांग म्हणजे साधारण 200 मीटर, ते तर काही सेकंदांचं काम. सिनेमा आपल्याला तेवढंच दाखवतो, तेही स्लो मोशनमध्ये. त्याआधीची रांग, पुस्तकात डोकं घालून केलेले हिशेब, हरल्यावर पुढच्या रेसपर्यंतची अर्ध्या तासाची तगमग आणि घरी जाताना रिकामा खिसा, हे एडिटिंगमध्ये उडून जातं.

मुंबईत रेस म्हणजे महालक्ष्मी. 1883 पासूनचं हे मैदान. इंडियन डर्बी तिथेच 1943 साली सुरू झाली आणि पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. राजेरजवाडे, पारशी शेठ, सिनेमावाले असं सगळं जग तिथे यायचं. मोतीलाल ऐन भरात होते तो हाच काळ. त्यांच्यासारख्या शौकीन माणसाला हे वातावरण किती ओढत असेल याची कल्पना आपण करू शकतो.

आपण इंजिनिअर होणार, म्हणून थोडं गणित. रेसकोर्सवर टोट नावाची पद्धत असते. त्याचं यंत्र जॉर्ज ज्युलियस या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने बनवलं आणि 1913 साली न्यूझीलंडमध्ये ते पहिल्यांदा बसवलं. खरं तर मूळ कल्पना मतमोजणीच्या यंत्राची होती! टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबचा आणि कराचा वाटा आधी काढतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. समजा 1000 रुपये जमले आणि कपात 20 टक्के आहे. वाटायला राहिले 800. जिंकलेल्यांनी आणि बाकीच्यांनी मिळून तेच 800 पुन्हा लावले तर 640. अशा सहा रेस झाल्या की 0.8 चा सहावा घात, म्हणजे 1000 चे सुमारे 262 उरतात. घोडा कुठलाही जिंको. घोड्यांचा अभ्यास करणारा इतरांपेक्षा बरा खेळू शकतो. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 1996 मध्ये घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं आहे. पण सगळ्यांचा मिळून हिशेब मांडला तर तो उताराचाच असतो.

हे मी इथे, धाराशिव जिल्ह्यातल्या हॉस्टेलमध्ये बसून का सांगतोय? आपल्याकडे कुठे रेसकोर्स आहे! आपल्याकडे शर्यत म्हणजे बैलगाड्यांची. पण रेसकोर्स आता मोबाइलमध्ये मावतो. क्रिकेटवर पैसे लावणारी मुलं आपल्याच कॉरिडॉरमध्ये आहेत. आमच्या मजल्यावरच्या एकाने परीक्षेची फी त्यात घालवली आणि घरी सांगितलं की पुस्तकं घेतली. त्याच्या घरी सोयाबीन विकून ती फी आली होती. 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला हे खरं, पण ज्याला लावायचेत त्याला वाट सापडते. त्या मुलाला जुगारी म्हणणं सोपं आहे. तोही शेवटचा फर्लांगच बघून आला होता, एवढंच माझं म्हणणं.

मोतीलाल यांच्या आयुष्यात पुढे काय झालं? काम थांबलं नव्हतं. 1960 च्या 'परख'साठी त्यांना दुसऱ्यांदा फिल्मफेअर मिळालं. तो सिनेमा जमलं तर नक्की बघा. गावात पाच लाखांचा चेक येतो आणि पैसा दिसताच एकेकाचा खरा चेहरा बाहेर पडतो. पुढे त्यांनी 'छोटी छोटी बातें' हा स्वतःचा सिनेमा काढला. लेखन, निर्मिती, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं स्वतः. 17 जून 1965 रोजी मुंबईत ते वारले, तेव्हा त्यांच्यापाशी पैसा उरलेला नव्हता. ज्याच्या रुबाबाची उदाहरणं द्यायचे त्या माणसाचा शेवट असा कंगालपणात झाला.

सगळा दोष घोड्यांवर टाकायचा नाही. उधळा स्वभाव होता, राजेशाही राहणी होती, स्वतःच्या सिनेमात घातलेला पैसा होता. सिनेमा काढणं हीदेखील एक रेसच आहे. पण त्यातून निदान सिनेमा उरतो. मुकेशवर केलेल्या खर्चातून मुकेश उरला. रेसमध्ये लावलेल्या पैशातून काहीच उरलं नाही, जिंकलेल्या दिवसांच्या आठवणीसुद्धा त्यांच्याबरोबरच गेल्या.

मराठीत म्हणतात, घोडामैदान जवळच आहे. आपलं मैदान म्हणजे सेमिस्टर, प्लेसमेंट आणि घरच्यांचा विश्वास. ते दोन मिनिटांत संपत नाही आणि त्याला पार्श्वसंगीतही नसतं. म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर कुणी एका डावात मालामाल होताना दिसला, तर टाळ्या जरूर वाजवा, पण मोतीलालना एकदा आठवा. आणि शेजारच्या खोलीतला एखादा मित्र अचानक उधार मागायला लागला, तर त्याला नुसते पैसे देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि काय झालंय ते विचारा.