बावीस वर्षांच्या पोराचं समीकरण

बारावीला किंवा एफवायला ‘ब्रॅगचा नियम’ तुम्ही घोकला असेलच. सूत्र लिहिलं, आकृती काढली, मार्क घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलात. पण हे सूत्र मांडणारा पोरगा तेव्हा तुमच्याच वयाचा होता, हे वर्गात कुणी सांगितलं का?

विल्यम लॉरेन्स ब्रॅग. जन्म १८९०, ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड. लहानपणी तीनचाकीवरून पडून त्याचं कोपर मोडलं, तेव्हा प्राध्यापक वडिलांनी त्याच्या हाताचा एक्स-रे काढला. एक्स-रेचा शोध तेव्हा नुकताच लागला होता!

१९१२ मध्ये तो केंब्रिजला संशोधन करत होता. स्फटिकातून एक्स-रे सोडले की फोटोच्या काचेवर ठिपके उमटतात, हे जर्मनीत दिसलं होतं. का उमटतात, यावर वाद. वडिलांच्या मते एक्स-रे म्हणजे कण. लॉरेन्सला मात्र नदीकाठी फिरताना सुचलं, की अणूंचे थर आरशांसारखं काम करतात. एकेका थरावरून परतलेल्या लहरी पावलाला पाऊल जुळवून आल्या, की ठिपका उमटतो. नाहीतर त्या एकमेकींना पुसून टाकतात. बस, इतकंच.

१९१५ मध्ये बापलेकांना मिळून नोबेल मिळालं. लॉरेन्स २५ वर्षांचा. विज्ञानात इतक्या लहान वयात ते आजवर कुणालाच मिळालेलं नाही. पण जल्लोष कसला? तो युद्धआघाडीवर, आवाजावरून शत्रूच्या तोफा हुडकण्याच्या कामात होता. धाकटा भाऊ बॉब दोनच महिन्यांपूर्वी गॅलिपोलीत मारला गेला होता. त्यात, डोकं खरं बापाचंच, असं लोक धरून चालत. हे त्याला फार वर्षं सलत राहिलं.

आता समुद्राकडे या. ब्रॅगनं समुद्रावर कधीच काम केलं नाही. पण १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बीनं समुद्रावरून परतणारे रेडिओ प्रतिध्वनी तपासले. रेडिओलहर २२ मीटरची, आणि ठळक प्रतिध्वनी देणाऱ्या लाटा बरोबर निम्म्या, ११ मीटरच्या. म्हणजे स्फटिकाचाच खेळ, फक्त थरांच्या जागी लाटांच्या रांगा! या लाटा सेकंदाला चारेक मीटर धावतात. त्यामुळे परतलेली वारंवारता ०.३८ हर्ट्झनं सरकते. लाट आपल्याकडे येत असेल तर वाढते, दूर जात असेल तर घटते. किनाऱ्यावर बसून लाटेची दिशा कळण्याची वाट इथे सापडली. ब्रॅग तेव्हा लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनला होता, पासष्टीचा.

उताराचं कोडं याहून गमतीचं आहे. उपग्रहावरचं रडार तिरकं खाली बघतं, तेव्हा प्रतिध्वनी देतात त्या मोठ्या लाटेच्या पाठीवरच्या बारीक लाटा. मोठ्या लाटेची रडारकडे कललेली बाजू जास्त उजळ दिसते, पलीकडची अंधूक. त्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवरून लाटेचा उतार आणि तिचा रोख काढतात. अर्थात गणित इतकं सरळ नाही, कारण लाट हलत असते आणि चित्र फसवतं.

ब्रॅग १९७१ मध्ये गेला. असं रडार घेऊन सीसॅट उपग्रह १९७८ च्या जूनमध्ये उडाला. त्याची रडारलहर २३.५ सेंटीमीटरची होती आणि तिला साथ देणाऱ्या लाटा साधारण ३० सेंटीमीटरच्या. सीसॅट जेमतेम शंभरेक दिवस चालला, पण त्याच्या चित्रांत समुद्रावरच्या लाटांच्या रांगा मोजता येत होत्या.